रात्रीची यादी

आजा गेला त्या रविवारी
लाली कुणी वाजवायची, हेच ठरेना.
पस्तीस वर्षं ते पोखरलेलं लाकूड
त्यानेच बोलतं ठेवलं होतं:
दोन टोल लांब, एक आखूड,
मग जरा थांबायचा,
समुद्रापलीकडून कुणी ओ देणार असल्यासारखा.
शेवटी वाइसेआचा धाकटा पुढे झाला.
त्याने भराभर उरकलं.
वाटेवरच्या कोंबड्यासुद्धा हलल्या नाहीत.

सार्जंट रुसियाते.
महिन्यातून दोनदा आमच्या चर्चमध्ये उपदेशक.
दोन्हीकडे आवाज एकच.
'बसा' म्हणाला की दाराशी कुत्रीही बसत.

उजवा कान लेबनॉनमध्ये राहिला.
प्रार्थनेला मान उजवीकडे कलायची,
डावा कान वर.
आजी म्हणायची, देव त्याच बाजूला राहतो वाटतं.

भरती झाला तेव्हा त्याचा हिशेब साधा होता:
प्रभूची भूमी बघायची, तीही सरकारी खर्चाने.
मिळालं काय, तर एक नाका,
वाळूची पोती, निळी टोपी,
आणि टेकड्यांपल्याड गालील,
नकाशावर चार बोटं लांब,
जायची परवानगी नाही.

'पण काना होतं,' तो म्हणायचा.
'लग्नघरी पाण्याचा द्राक्षारस झाला
ते गाव हेच, असं तिथली माणसं सांगायची.
आम्ही टँकर घेऊन गेलो.
रांजण कुठले, पिवळे प्लास्टिकचे डबे.
सबंध उन्हाळा पाणी वाटलं
आणि ते पाणीच राहिलं, बघ.
तेवढंही पुष्कळ होतं.'

हे उपदेशात कधी आलं नाही.

रात्री कंदील बारीक केला की
यादी सुरू व्हायची.
आजी. सहा मुलं, वयाप्रमाणे,
गेलेले दोघे आपापल्या जागी.
बोटीवरचे. पाळकबाईंचा दमा.
सरकार (इथे तो थोडा थांबायचा).
आणि अगदी शेवटी,
आमच्या पापण्या मिटत आल्यावर,
निळ्या सायकलवरचा मुलगा.

आम्हाला वाटे, असेल कुणी नात्यातला,
सुवाकडचा.

सोळाव्या वर्षी मी विचारलं.
अळूचे गड्डे सोलत होतो दोघं.
त्याने सुरी खाली ठेवली.
'थांब म्हटलं होतं मी.
त्यांच्या भाषेत.
उच्चार चुकला असेल.'
मग सुरी उचलली,
आणि त्या गड्ड्याची साल
इतकी जाड काढली
की आत फारसं काही उरलं नाही.

त्याला पोचवायला सुवाहून आठ जवान आले,
बोटीने, खवळलेल्या पाण्यातून.
त्यातला एक पोरगा कठड्यावरून ओकला,
तोंड धुतलं,
आणि बिगुल वाजेपर्यंत ताठ उभा राहिला.
आजाला तो आवडला असता.
चटयांवर व्हेलचा दात ठेवला,
भाषणं झाली,
पदकांविषयी सगळे बोलले.
बिस्किटांच्या डब्यात ती कशी ठेवलेली असत,
लवंगांत, तोंड खाली करून,
ते कुणी बोललं नाही.
मीही नाही.

आता यादी माझ्याकडे आहे.
भाड्याच्या दोन खोल्या, खाली बसचा थांबा,
तरी क्रम तोच.
आजी गेलेल्यांच्या जागी सरकली,
तिच्याशेजारी तो.
सरकारपाशी मीही थांबते.

काल लेक म्हणाली,
तो मुलगा इतकी वर्षं मुलगाच कसा गं?
मी बोटांवर मोजू लागले.
तेव्हा बारा-तेराचा असेल.
म्हणजे आता सत्तावन्न,
नातवंडं असतील, गुडघे दुखत असतील,
जर.
पुढे मोजता येईना.

माझे दोन्ही कान शाबूत आहेत.
तरी मान उजवीकडे कललेली,
आणि लेक कोपराने ढोसतेय,
आमेन म्हण ना,
झोप येतेय.